दुभाजक फोडून रस्ता मिळत नाही

जिल्हा बैठकीच्या अंकात उसाचा दर, कांद्याची निर्यात, शेतीपंपाची वीज हे विषय सोडून संपादकाला महामार्गाचा दुभाजक कुठून आठवला, असे काही कार्यकर्ते विचारतील. विचारायलाच हवे. शेतकऱ्याचा जीव घेणाऱ्या गोष्टींची यादी आपण करतो तेव्हा तीत कर्ज असते, साप असतो, विजेची तुटकी तार असते, फवारणीचे विष असते. महामार्ग त्या यादीत नसतो. वास्तविक २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातल्या सगळ्या रस्त्यांच्या दोन-सव्वादोन टक्के. पण दर शंभर मृत्यूंपैकी छत्तीस तिथे झाले. आणि महामार्ग जातो कुठून? आपल्याच शेतातून.

आधी एक कबुली देतो. पुणे-बंगळूर महामार्ग सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाला, तेव्हा अनेक गावांचे दोन तुकडे झाले. गाव एकीकडे, विहीर आणि ऊस दुसरीकडे. पूर्वी बैलगाडी पाच मिनिटांत पलीकडे जाई. आता भुयारी मार्ग गाठायला दोन-तीन किलोमीटरचा वळसा. आम्ही २०११ साली अशाच एका गावापाशी रास्ता रोको केला. मागणी एकच : दुभाजकाला फट द्या. महामार्गवाल्यांच्या भाषेत अशा फटीला पंक्चर म्हणतात. चार तास वाहतूक अडली, अधिकारी धावत आले आणि आठवड्याच्या आत पंक्चर मिळाले. गुलाल उधळला. भाषण मीच केले.

पुढच्याच गळीत हंगामात, पहाटे तीनच्या सुमारास, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर त्या फटीतून वळत होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मागून आलेल्या मालट्रकच्या चालकाला तो अगदी जवळ आल्यावर दिसला. त्याने स्टिअरिंग उजवीकडे मारले, ट्रक दुभाजकावरून थेट पलीकडच्या रस्त्यावर गेला आणि समोरून येणाऱ्या जीपवर आदळला. ट्रकचा चालक गेला, जीपमधले तिघे गेले. त्या तिघांतला एक जण रास्ता रोकोत माझ्या शेजारी मांडी घालून बसलेला होता. ट्रॅक्टरला ओरखडाही आला नाही. पोलिसांच्या कागदावर कारण पडले : ट्रकचालकाचा हलगर्जीपणा. ज्याला बाजू मांडता येत नाही, त्याच्यावर दोष टाकून प्रकरण मिटले. माझ्या मनातून मात्र ते मिटलेले नाही.

अवजड वाहन दुभाजक ओलांडून पलीकडे जाते तेव्हा नेमके काय होते, ते समजून घ्या. तीन आसांच्या ट्रकचे भारासह कायदेशीर वजन पूर्वी २५ टन होते; २०१८ साली केंद्राने ते साडेअठ्ठावीस टन केले. असा भरलेला ट्रक ताशी साठच्या वेगाने, तितक्याच वेगाने येणाऱ्या सव्वा टनाच्या मोटारीवर समोरासमोर आदळला, तर गणित असे आहे : ट्रकचा वेग जेमतेम पाच किलोमीटरने कमी होतो. मोटार मात्र साठने पुढे जात होती, ती क्षणात पंचावन्नने मागे ढकलली जाते. म्हणजे तिच्या वेगात ११५ किलोमीटरचा फरक पडतो. आत बसलेल्या माणसाने पट्टा बांधलेला असला तरी त्याचे हाडामांसाचे शरीर हे सोसू शकत नाही. आणि सावध व्हायला वेळ तरी किती? साठच्या वेगाने वाहन सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. पलीकडून येणारा ट्रक कण्हेरीच्या झुडपांतून बाहेर पडेपर्यंत दिसतही नाही.

कण्हेरीचे नाव निघाले म्हणून शेतकी पदवीधर या नात्याने सांगतो. दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल का लावतात? पाणी कमी लागते, धूर सोसते, कण्हेर विषारी असल्याने जनावर तोंड लावत नाही, आणि समोरच्या वाहनाचा झोत डोळ्यांवर येत नाही. लागवड शहाणपणाची आहे. पण कण्हेर प्रकाश अडवते, ट्रक अडवत नाही. दुभाजकाच्या कडेचा वीतभर उंचीचा दगडही अडवत नाही. ट्रकचे चाक त्याच्यावर सहज चढते. उलट वेगातले लहान वाहन त्या दगडाला धडकून उडण्याची भीती असते. वाहन खरोखर थोपवायचे तर तिथे लोखंडी पट्ट्यांचा कठडा, ताणलेल्या तारदोरांचा कठडा किंवा काँक्रीटची भिंत लागते. यांतही फरक आहे. तारदोर मोटारीला झेलून आपल्या बाजूला ठेवतो, धक्काही कमी बसतो. पण भरलेला ट्रक अडवायचा तर मजबूत आणि पुरेशी उंच काँक्रीटची भिंत हवी. कोणत्या जागी कोणता कठडा घालावा यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ साली ११९ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली आहे. ज्ञान आहे, ते शेतापर्यंत पोचत नाही, ही तक्रार आपण शेतीच्या बाबतीत नेहमी करतो. रस्त्याच्या बाबतीतही तेच आहे.

कठड्याने फरक पडतो का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पाहा. २३ डिसेंबर २०१२ रोजी समोरच्या बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून आला आणि अभिनेते आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडसे यांचा लहान मुलगा हिरावले गेले. मराठी माणूस हळहळला. नामवंत गेले म्हणून हळहळला. तशाच पद्धतीने गेलेल्या भाजीवाल्याची बातमी दोन ओळींची असते. त्यानंतरच्या वर्षांत त्या मार्गावर तारदोरांचे कठडे बसले, धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्या गेल्या, वेगावर नजर ठेवली गेली. २०१६ साली तिथे १५१ माणसे मेली होती. २०१९ साली ९२. ब्याण्णव हाही आकडा लाजिरवाणाच आहे, आणि सगळे श्रेय कठड्याचे नाही. पण मृत्यू नशिबाने येतो आणि नशिबाला इलाज नाही, हे म्हणणे खोटे ठरले.

खर्च फार, हे सरकारचे ठरलेले उत्तर असते. त्यासाठी स्वीडनचे उदाहरण ठेवतो. तिथे तेरा मीटर रुंदीचे साधे रस्ते समोरासमोरच्या धडकांनी माणसे मारत होते. चौपदरी करायला पैसा आणि जमीन दोन्ही लागणार. त्यांनी १९९८ पासून आहे त्याच रुंदीत तीन पदर आखले, मधे तारदोर ताणला आणि ओव्हरटेक करण्यासाठी जादा पदर आलटून पालटून एकेका बाजूला दिला. अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. एक गुंठाही नवी जमीन घेतली नाही.

आता ट्रक आपली बाजू सोडतोच का, तेही पाहू. चालकाला डुलकी लागते. रिमोल्ड केलेला टायर जादा भाराने आणि उन्हाने फुटतो. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. मग इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. या प्रत्येक कारणामागे कुणाचे तरी दोन पैसे वाचलेले असतात. चालकाला दिवसाचे आठ तास काम ही मर्यादा १९६१ सालीच कायद्यात आली. पण त्याला मजुरी खेपेवर मिळते, तासावर नाही. रात्रभर गाडी हाकून पहाटेच्या लिलावाला वाशी गाठली तर माल चढ्या भावात, उशीर झाला तर शिळा. ही घाई फक्त वाहतूकदाराची नाही. 'आणखी दहा गोण्या टाक, भाडे तेवढेच' असे गाडीवानाला सांगणारे आपणच असतो. जादा भारासाठी आज २० हजार रुपये आणि वर दर जादा टनाला २ हजार असा दंड आहे, पण नाक्यावर काय चालते ते मी सांगायला नको. भाड्यात वाचवलेले ते पैसे महामार्गावर कुणीतरी जिवाने फेडतो. मालाला रास्त भाव मागणाऱ्याने चालकाच्या झोपेचाही रास्त भाव मान्य केला पाहिजे.

तरीही मूळ दोष कुणाचा हे विसरून चालणार नाही. गावकरी दुभाजक फोडतात ते मस्तीने नव्हे. आखणी करणाऱ्याने नकाशावर गाव पाहिले, गावाचे शेत पाहिले नाही. जमीन घेताना मोजणी काटेकोर, आणि बोगदे देताना हात आखडता. सेवा रस्ता अर्ध्यावर सोडून दिलेला. मग अपघात झाला की एखाद्या रात्री येऊन पंक्चर बुजवायचे आणि निघून जायचे. याने काय होते? वळसा टाळण्यासाठी ट्रॅक्टर आणि मोटारसायकली उलट्या दिशेने येऊ लागतात, म्हणजे समोरासमोरची धडक दुसऱ्या दाराने आत येते. फट बुजवणे आणि सेवा रस्ता देणे ही दोन कामे नाहीत, एकच काम आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली '१९८ अ' हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे नसल्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवाची ही किंमत थट्टेचीच आहे. पण कलम आहे तर वापरा. पुढचा अपघात झाल्यावर फिर्याद देताना फक्त चालकाचे नाव नको, रस्त्याचेही नाव द्या.

आणि आपले काय? पंक्चर मागणारे आपले आंदोलन सोपे होते, कारण पंक्चर देणे सरकारला स्वस्त पडत होते. बोगदा द्यायला पैसा लागतो, सेवा रस्त्याला जमीन लागते. पंक्चरला एक जेसीबी पुरतो. आपण सरकारला स्वस्तात सोडले आणि गुलाल उधळला. ती चूक होती, हे मी या पानावर लिहून देतो.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत पुढील ठराव चर्चेला ठेवत आहोत.

एक : महामार्गालगतच्या प्रत्येक शाखेने आपल्या टप्प्यातील दुभाजकाच्या सर्व फटी मोजाव्यात. मंजूर कोणत्या, फोडलेल्या कोणत्या, जवळचा बोगदा किती अंतरावर आणि तिथून उसाची ट्रॉली जाते का, ही यादी बैठकीत आणावी.

दोन : गावकऱ्यांनी किंवा ढाबेवाल्यांनी फोडलेल्या फटी शाखेने स्वतः पुढाकार घेऊन बंद करून घ्याव्यात. बोगद्याची वाट पाहू नये. वळशाचा त्रास होईल. तो आपण सोसू आणि त्या त्रासाचा हिशेब सरकारकडे मागू.

तीन : मंजूर फाट्यांवर बोगदा होईपर्यंत दिवे, आगाऊ सूचनाफलक आणि वेग कमी करणारे पट्टे तातडीने मिळावेत. यापुढे आपली मागणी फटीची नसेल. मागणी एकच : दुभाजकावर ट्रक अडवणारा अखंड कठडा, आणि त्याच्यासोबत भुयारी मार्ग व सलग सेवा रस्ता.

चार : मागे लाल दिवा आणि परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली किंवा टायरगाडी आपल्या सभासदाच्या फडातून रात्री बाहेर पडणार नाही. उसाच्या मोळ्यांनी दिवा झाकला जाणार नाही हे पाहणे मुकादमावर सोडू नये. पट्ट्या कारखान्याने द्याव्यात ही मागणी जरूर करू, पण कारखाना देईपर्यंत माणसे मरू देणार नाही.

काही शाखांना दुसरा ठराव पटणार नाही. त्यांनी बैठकीत उभे राहून विरोध करावा, ऐकून घेऊ. फक्त एवढे करावे : बैठकीला येण्याआधी एका रात्री आपल्या गावच्या फटीपाशी तासभर उभे राहावे, आणि तिथून वळणारी प्रत्येक ट्रॉली आपल्याच घरची आहे असे समजून समोरून येणारे दिवे मोजावेत.