काखेतल्या ग्रंथी आणि कष्टाचा हात

खुरपणी, कापूस वेचणी, धारा काढणं, पाण्याची कळशी. शेतात राबणाऱ्या बाईचा संसार तिच्या हातावर चालतो. म्हणूनच स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमधला एक प्रश्न तिच्यासाठी मोठा आहे: काखेतल्या किती ग्रंथी काढायच्या?

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते. ती सुजलेली लसिका ग्रंथी. तशाच ग्रंथी काखेत असतात आणि स्तनातला कॅन्सर पसरू लागला की बहुधा आधी तिथे पोचतो. त्यामुळे पूर्वी सरसकट सगळी काख साफ करीत. पण नंतर काहीजणींचा हात सुजून जड होई, खांदा आखडे. ही सूज एकदा आली की सहसा पुरती जात नाही.

आता चित्र बदलले आहे. काखेत गाठ लागत नसेल, तर निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून ते आधी ज्या ग्रंथींत उतरते तेवढ्याच काढून तपासतात. त्या निर्दोष निघाल्या तर बाकीच्यांना हात लावीत नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेतील ८९१ बायांच्या अभ्यासाने पुढचे पाऊल टाकले. एक-दोन ग्रंथींत रोग होता, पण स्तन राखून ऑपरेशन, किरणोपचार आणि बहुतेकींना औषधे मिळाली होती. अशा बायांची काख पूर्ण साफ केली नाही, तरी आयुष्य घटले नाही. दहा वर्षांनंतरचा निष्कर्षही तोच निघाला.

मात्र खरी मेख पुढे आहे. ही सवलत लवकर येणाऱ्या बाईला. आपल्याकडे ‘दुखत तर नाही’, ‘सुगी उरकू दे’ म्हणून गाठ अंगावर काढली जाते. काखेत गाठी हाताला लागेपर्यंत थांबलं, तर मोठे ऑपरेशन बहुधा टळत नाही.

तेव्हा या प्रश्नाचे अर्धे उत्तर ऑपरेशन थिएटरात नाही, गावच्या उपकेंद्रात आहे. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायांची हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पन्नाशीपुढच्या बायांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याला महागडे यंत्र लागले नाही.

गावोगावी हे का होऊ नये? आणि ऑपरेशन ठरलेच, तर घरच्यांनी संकोच न करता विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, काखेतल्या सगळ्याच ग्रंथी काढायला हव्यात का?’