नेट ओसरीवरच का अडावे?



विहिरीला पाणी लागले म्हणजे उसाला पाणी पोहोचले, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. शेवटची सरी भिजली तरच भरणे झाले. घरातल्या वाय-फायचा हिशेबही आम्ही असाच धरतो.

ऊस नोंदणीसाठी एरंडोल परिसरात फिरताना आम्हांला दिसते ते असे : राउटर ओसरीवर, टीव्हीशेजारी, आणि मागच्या खोलीत नेट येत नाही म्हणून मुलगी वही-मोबाईल घेऊन जिन्यात बसलेली. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत काय, नाही तर नव्या घराचा सळयांचा स्लॅब काय, दोन्ही लहरी अडवतात.

मग रिपीटर घ्यायचे ठरते. आमचे मत वेगळे आहे. स्वस्तातला एका पट्ट्याचा रिपीटर ज्या लहरीवर घेतो त्याच लहरीवर पुढे देतो. त्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास येतो. त्यातून तो नेट क्षीण असलेल्या जागीच लावला, तर तळ गेलेल्या विहिरीवर मोटार बसवल्यासारखे होते!

आधी राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, लोखंडी कपाट व फ्रीजपासून दूर ठेवून पाहा. याला पैसा लागत नाही. दूरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. एवढ्याने भागले नाही तर घरात पडून असलेला जुना राउटर मागच्या खोलीत बसवा व दोहोंमध्ये अस्सल तांब्याची कॅट-६ वायर ओढा. ती १०० मीटरपर्यंत चालते. दोन्हीकडे वायर लॅनच्या खाचेत खोचायची. जुन्या राउटरमधले डीएचसीपी बंद करायचे आणि त्याचा पत्ता त्याच मालिकेतला, पण वेगळा द्यायचा. नाव व पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवावा. वायर विजेच्या पाईपातून मात्र नेऊ नका.

१९९८ साली वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रांची योजना आली, तेव्हा ऊस उत्पादकाला माहितीसाठी गावच्या केंद्रावर जावे लागे. आज ती सोय आपापल्या घरात आली आहे. ती ओसरीवरच अडू नये.

गळिताची धामधूम सुरू होण्याआधी एक रविवार यासाठी काढावा. नेटचे बिल सगळे घर मिळून भरते. तेव्हा मागच्या खोलीत अभ्यासाला बसणाऱ्या लेकीचा त्यावर पहिला हक्क आहे, एवढेच आमचे सांगणे.

— ऊस विकास अधिकारी