नाव म्हणजे एक ओळ नव्हे

डेटाबेस म्हटलं की आपण ते काम इंजिनिअरवर सोडून देतो. पण जनरल रजिस्टरचे रकाने आखणारा शिक्षक दुसरं काय करतो?

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदपत्रांवर असं लिहायचं: स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ही मुलं साधारण २०३० मध्ये पहिलीत येतील. एकाच घरातला मोठा भाऊ तीन शब्दांचा आणि धाकटी बहीण चार शब्दांची! आपण दोघांना बरोबर ओळखू. संगणकाचं काय?

बऱ्याच ठिकाणी पूर्ण नाव एकाच रकान्यात, साधा मजकूर म्हणून भरलेलं असतं. 'सार्थक रमेश गांगुर्डे' आणि 'आराध्या सुनीता गांगुर्डे' ही दोन नावं घ्या. पहिल्यात मधला शब्द वडिलांचा, दुसऱ्यात आईचा, कारण आराध्याला आईने एकटीने वाढवलंय. मशीनला दोन्ही सारखीच. मग दाखला छापताना सुनीताबाई 'वडिलांचे नाव' या रकान्यात जाऊन बसतात, आणि दुरुस्तीसाठी हेलपाटे त्यांनाच.

यावर जुना उपाय आहे. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये 'क्रिएट टाइप' ही आज्ञा देऊन आपला स्वतःचा संयुक्त प्रकार बनवता येतो. 'पूर्ण नाव' हा एक प्रकार, त्याच्या पोटात चार भाग. तो एकदा ठरवला की विद्यार्थी, पालक, दाखला अशा प्रत्येक टेबलात तोच वापरायचा. उद्या आणखी भाग लागला तर 'आल्टर टाइप' ने जोडायचा. जुन्या नोंदींत तो रिकामा दिसतो, बाकी काही हलत नाही. नवा भाग शेवटी लागतो खरा, पण छापायचा क्रम आपल्या हातात असतो.

कुणी म्हणेल, सरळ चार रकाने करा ना! एकाच टेबलाचं काम असेल तर मीही तेच करीन. मायएसक्यूएलमध्ये तर असा प्रकार बनवायची सोयच नाही, तिथे रकानेच करावे लागतात. पण नाव दहा टेबलांत येतं तेव्हा एखाद्या ठिकाणी आईचा रकाना हमखास राहून जातो.

या प्रकारात एक उणीव सांगतात. त्यातल्या एखाद्या भागावर 'हे भरलंच पाहिजे' अशी सक्ती प्रकार बनवतानाच लावता येत नाही. ती टेबलावर वेगळी लावावी लागते. मला विचाराल तर हे बरंच आहे. वडिलांचं नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकू द्यायचा नसेल, तर ते कुणीतरी मुद्दाम, विचार करून लिहावं. समोर आराध्याची आई बसलेली असते.