गाडी दुकानात द्यावी की अंगणात उघडावी?

दिवाळीत ताईकडे भिलाईला गेले होते. संध्याकाळचा चहा होतोय न होतोय तोच भाऊजी गाडी सर्व्हिसिंगहून घेऊन आले आणि बिल ओट्यावर ठेवलं. एक हजार नऊशे सत्तावीस रुपये. ताईने ते दोनदा वाचलं, हिशेबाच्या वहीत टाचलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘एवढ्यात महिन्याचं दूध येतं.’’

भाऊजी स्टील प्लांटमध्ये आहेत. घर सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, गाडी २०१६ ची शंभर सीसीची, कार्ब्युरेटरवाली. ड्युटी, बाजार, सासूबाईंचा दवाखाना, सगळं तिच्यावरच. चार महिन्यांनी एकदा ती दुकानात जाते, आणि दर वेळी घरात हाच विषय निघतो : पोलादाच्या कारखान्यात पाना धरणारा माणूस घरच्या गाडीचं तेल बदलायला दुसऱ्याला पैसे का देतो?

प्रश्न भिलाईत विचारावा असाच आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्या धमनभट्टीचं उद्घाटन झालं आणि देशभरातून फिटर, टर्नर, वेल्डर या गावात येऊन राहिले. त्यांत विदर्भातले मराठी लोकही होते. ताईचे सासरे, आप्पा, त्यांतलेच एक. आज ते पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. १९६१ मध्ये अमरावतीहून एक ट्रंक आणि सायकल घेऊन आले आणि फिटर म्हणून रिटायर झाले. या गावात दर दुसऱ्या घरात पान्यांची पेटी सापडेल. तरीही सुपेला आणि पॉवर हाऊसच्या बाजारात मेकॅनिकांपुढे रांग असतेच.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही बिल घेऊन बसलो. तुमच्याही घरी असं बिल पडलेलं असेल, तेव्हा आकडे सांगते. तुमच्या गावी थोडे कमीजास्त असतील, पण साचा हाच असतो. इंजिन ऑइल ३९०, एअर फिल्टर १८०, स्पार्क प्लग ११०, पुढचे-मागचे ब्रेकशू ४२०, ‘कन्झ्युमेबल’ नावाचं काहीतरी ६०. झाले ११६० रुपये. मग मजुरी : सर्व्हिसिंग ४००, धुलाई १००, कार्ब्युरेटर सफाई १५०. हे ६५०, त्यावर अठरा टक्के जीएसटी ११७. म्हणजे मजुरी सातशे सदुसष्ट.

भाऊजी म्हणाले, ‘‘पाहिलंत? मजुरीच अर्ध्याच्या जवळ जाते. घरी केलं की वाचले.’’

आप्पा इतका वेळ गप्प होते. त्यांनी बिल डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, ‘‘फिल्टर मागच्या वेळी बदलला होता ना?’’

वही काढली. बदलला होता, चार महिन्यांपूर्वी, साधारण तीन हजार किलोमीटर आधी. गाडीच्या पुस्तिकेत फिल्टरला त्याहून कितीतरी मोठा पल्ला दिलेला. प्लगही तेव्हाच नवा घातलेला. गाडी एका किकला सुरू होत होती, अॅव्हरेज पडलेलं नव्हतं, मग कार्ब्युरेटर कशासाठी उघडला? आणि ते कन्झ्युमेबल कोणी, कुठे वापरलं, ते कोणालाच सांगता येईना.

मग मी दुसऱ्या कागदावर वेगळा हिशेब मांडला. तेल घरी बदललं तर ३९०, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर १०. ब्रेकशू लागणारच होते, ते ४२० चे आणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून बसवून घेतले, त्याचे १००. एकूण ९२०. वाचले १००७ रुपये.

या १००७ ची फोड मला जास्त महत्त्वाची वाटते. फिल्टर, प्लग, कन्झ्युमेबल, कार्ब्युरेटर सफाई आणि तिच्यावरचा कर, हे सगळं मिळून ५२७ रुपये होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त बचतीसाठी हात काळे करायची गरजच नव्हती. दुकानात गाडी देताना ‘हे नको, ते नको’ म्हणता आलं असतं तर ते पैसे खिशातच राहिले असते. स्वतःच्या हाताच्या कामाची खरी कमाई ४८० रुपये. ब्रेकशू दर वेळी लागत नाहीत, फिल्टरही दर वेळी गळ्यात मारत नसतील, तेव्हा वर्षाचा आकडा काढताना हजाराला थेट तिनाने गुणू नका.

त्यातून खर्चही वजा करायला हवा. बऱ्यापैकी पान्यांचा संच, प्लगचा पाना, काळं तेल धरायला पसरट टोपलं, नरसाळं, हे सगळं मिळून आमचे नऊशेच्या आसपास गेले. पहिल्या दोन सर्व्हिसिंगची मजुरी तिथेच फिटली म्हणायची.

आणि पाना हातात आहे म्हणून काम येतं असंही नाही. भाऊजींनी तीन वर्षांपूर्वी एकदा हौसेने घरी तेल बदललं होतं. ड्रेन बोल्ट परत बसवताना प्लांटमधल्या फ्लँजचा नट आवळावा तसा आवळला. इंजिनाचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा. आटे गेले. थेंब थेंब तेल गळायला लागलं, ते आटे नव्याने पाडून घेण्यात सहाशे रुपये आणि एक रजा गेली. ‘‘त्या दिवसापासून हे पाना हातात घेत नाहीत,’’ ताई म्हणाली. खरं तर चूक साधी होती. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवायचा, नवा वॉशर घालायचा आणि मग आखूड पान्याने बेताचा आवळायचा. पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही.

पण आप्पांनी सांगितलेली गोष्ट याहून गंभीर होती. घरात ती सहसा निघत नाही.

त्यांनी १९८७ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० घेतली. चार स्ट्रोकची ही गाडी १९८५ मध्ये आपल्याकडे आली, तेव्हा तिची जाहिरातच अशी होती की पेट्रोल भरा आणि विसरा. आप्पा विसरणाऱ्यांतले नव्हते. तेल, प्लग, चेन, टॅपेट, सगळं अंगणात. शेजारपाजारचे लोकही गाड्या आणून लावत. १९९२ च्या पावसाळ्यात त्यांनी मागचे ब्रेकशू स्वतः बदलले. ब्रेकचा कॅम नीट फिरावा म्हणून त्यावर ग्रीस लावलं, आणि सढळ हाताने लावलं. संध्याकाळी सासूबाईंना मागे बसवून सिव्हिक सेंटरला निघाले. दोन-चारदा ब्रेक लावल्यावर ड्रम तापला, ग्रीस पातळ होऊन लायनिंगवर उतरलं. वळणावर एक पोरगं सायकलवरून आडवं आलं. आप्पांनी पाय दाबला, पायाखाली नुसता लोण्याचा गोळा. पुढचा ब्रेक करकचून आवळला, ओल्या रस्त्यावर चाक सरकलं. पोरगं वाचलं, आप्पांना खरचटलं, सासूबाईंचं मनगट मोडलं. सेक्टर ९ च्या हॉस्पिटलात प्लॅस्टर घातलं. ते मनगट आजही थंडीत दुखतं, पोळ्या लाटताना त्या हात झटकतात ते त्यामुळेच. मला इतकी वर्षं ते माहीत नव्हतं.

‘‘तीस वर्षं मशिनी उघडल्या मी,’’ आप्पा म्हणाले, ‘‘पण प्लांटमध्ये मी केलेलं काम दुसरा माणूस तपासायचा. अंगणात कोण होतं तपासायला?’’

मला वाटतं, काय घरी करावं आणि काय नाही याची रेघ इथेच ओढावी. चूक झाली तर गाडी फक्त बंद पडेल, अशी कामं घरी. चूक झाली तर माणूस पडेल, अशी कामं रोज तेच करणाऱ्या हातांकडे. ब्रेकशू बसवणं, चाक काढणं, हँडलचे बेअरिंग, पुढचे शॉकअप, हे दुकानात. मात्र ब्रेक झिजलाय का, हे पाहणं घरचंच काम आहे. ड्रम ब्रेकच्या बाहेर, ब्रेकच्या दांडीपाशी एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाजूच्या खुणेला येऊन टेकला की लायनिंग संपलं. ताईला दाखवलं, तिला अर्ध्या मिनिटात कळलं. आता दुकानदाराने ‘ब्रेकशू गेले’ म्हटलं की ती आधी बाण बघणार.

तेलाचंही तसंच. गाडी थोडी चालवून बंद करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मेन स्टँडवर सरळ उभी करायची, तेलाची काडी पुसून आत टाकायची. आपल्या नेहमीच्या शंभर सीसीच्या गाड्यांत ती काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. पुष्कळ जण फिरवून पाहतात आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. दोन खुणांच्या मध्ये असेल तर ठीक. पुस्तिकेत तेल तपासण्याचा पल्ला वेगळा आणि बदलण्याचा वेगळा दिलेला असतो, तेवढं एकदा वाचून ठेवा. गाडीची पुस्तिका आपल्याकडे लग्नाच्या अल्बमपेक्षाही कमी वेळा उघडली जाते!

चेनच्या कव्हरला खाली रबराचं गोल बूच असतं. ते काढून बोटाने चेन वरखाली करून पाहता येते. भिलाईत धूळ बेसुमार, उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा आणि पुढे पावसाळा, त्यामुळे चेन कोरडी पडून कुरकुरायला वेळ लागत नाही. वेळच्या वेळी तेल मिळालं तर चेन-स्प्रॉकेटचा संच कितीतरी जास्त चालतो, आणि तो संच एका सर्व्हिसिंगच्या बिलाच्या आसपास जातो. टायरची हवा तर पेट्रोल भरतानाच पाहून होते. एअर फिल्टर मात्र आधी कोणता आहे ते बघा. जुन्या गाड्यांतला स्पंजचा धुता येतो. तेल लावलेला कागदी असेल तर तो झटकायचा नाही, फुंकायचा नाही, वेळ झाली की बदलायचा.

भाच्याने गेल्या वर्षी दीडशे सीसीची नवी गाडी घेतली. त्याला वाटलं, आता तीही अंगणात. त्याला मीच अडवलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यापासून नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आलं, सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना त्याच्या वर्षभर आधीच एबीएस सक्तीचं झालं. तिथे बिघाड शोधायला यंत्र लावावं लागतं, पाना पुरत नाही. शिवाय वॉरंटी. ठरलेल्या पल्ल्यावर अधिकृत दुकानात सर्व्हिसिंग झालेलं नसेल तर पुढे मोठा बिघाड झाल्यावर कंपनी हात वर करू शकते. त्या काळात घरचे चारशे वाचवून पुढचे आठ-दहा हजार धोक्यात घालू नयेत. फक्त ‘फ्री सर्व्हिस’मध्ये मजुरीच फुकट असते, तेल आणि सुटे भाग नाहीत, हे लक्षात ठेवून तिथेही बिल वाचायचं.

बिल वाचण्याचं आणखी एक कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. दुकानात जुन्या छापील किमतीचा माल असेल तर कमी झालेला कर बिलात उतरलाय का, ते विचारा. बदललेला जुना भाग परत मागा. भाऊजींना संकोच वाटतो, ‘‘रोजचा माणूस, काय म्हणेल?’’ ताई दुसऱ्या दिवशी स्वतः गेली. प्लग आणि फिल्टर पिशवीत घालून घेऊन आली. प्लगचं टोक छान तपकिरी होतं, अजून बरेच दिवस चालला असता. फिल्टरही तसाच. दोन्ही पुसून तिने पेटीत ठेवले. दुकानदार म्हणे नुसता म्हणाला, ‘‘भाभीजी, अगली बार पूछ के बदलेंगे.’’

रविवारी भाऊजींना रेस्ट होता. तेल तर दुकानात बदलून झालंच होतं, म्हणून शेजारच्यांच्या गाडीवर शिकवणी झाली. आप्पा खुर्ची टाकून बसले, भाच्याने बोल्ट सोडवला, भाऊजींनी टोपलं धरलं. दोन तास लागले. मेकॅनिकला वीस मिनिटं लागली असती, पण मध्ये चहा दोनदा झाला.

राहता राहिलं ते काळं तेल. आप्पांच्या काळी ते कुंपणाच्या गवतावर ओतत, नाहीतर दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासत. आता तसं करू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. नालीत एक लिटर ओतलं तरी पुष्कळ पाणी नासतं. मेकॅनिकांकडे अशा तेलाचे पिंप असतात, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देतो का, एवढं विचारून द्यावं. ताईने ते तेलाच्याच रिकाम्या डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि डबा जिन्याखाली ठेवला. ब्रेक तपासून घ्यायला गाडी सुपेल्यात जाईल, तेव्हा डबाही जाईल.