पाठ केलेले सूत्र आणि मोजलेले सूत्र

शाळेच्या स्मरणिकेत सहसा आठवणी लिहिल्या जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि या अंकाच्या वाचकांत आजच्या विद्यार्थ्यांचे पालक आहेत, ठिकठिकाणी स्थिरावलेले माजी विद्यार्थी आहेत आणि शाळेवर लोभ असणारा समाजही आहे. या सर्वांपुढे एकदा मांडावी अशी एक गोष्ट अनेक वर्षे विज्ञान शिकवताना माझ्या मनात घोळत राहिली. ती गतीच्या तीन समीकरणांविषयी आहे.

ही समीकरणे आपण सर्वांनी कधी ना कधी पाठ केली आहेत. अंतिम वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले काळ, हे पहिले. कापलेले अंतर म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले काळ, अधिक त्वरण व काळाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग, हे दुसरे. अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक त्वरण व अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट, हे तिसरे. परीक्षेत उदाहरण येते, किमती घातल्या जातात, उत्तर निघते, गुण मिळतात. पण ‘हे खरे आहे हे तुला कसे कळले?’ असे विचारले, तर हुशार विद्यार्थीही म्हणतो, ‘पुस्तकात दिले आहे.’ माझी तक्रार त्या मुलाविषयी नाही. ते उत्तर त्याला आपणच शिकवलेले असते.

खेदाची बाब अशी की, ही समीकरणे जन्माला आली ती नेमकी ‘पुस्तकात दिले आहे’ या उत्तराशी झगडूनच. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वजनाच्या प्रमाणात अधिक वेगाने पडते, हे ॲरिस्टॉटलचे मत युरोपातील विद्यापीठांत शतकानुशतके शिकवले जात होते. स्टेव्हिन या डच गणितज्ञाने १५८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक साधा प्रयोग नोंदवला. वजनात दहापट फरक असलेले शिशाचे दोन गोळे सुमारे ३० फुटांवरून सोडले, तर खाली आपटल्याचा आवाज जणू एकच येतो. गॅलिलिओने तर केवळ विचारानेच त्या मतातील विसंगती दाखवली. जड दगडाला हलका दगड बांधला, तर हलका दगड जडाला मागे ओढील आणि जोडी सावकाश पडेल. पण जोडीचे वजन एकट्या जड दगडापेक्षा जास्त, म्हणून ती अधिक जलदही पडली पाहिजे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. म्हणून मूळ समजूतच सदोष.

पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची कथा सर्वांना ठाऊक असते, पण ती खरोखर घडली का याविषयी इतिहासकार साशंक आहेत. त्याने स्वतः सविस्तर लिहून ठेवलेला प्रयोग निराळाच आहे. सरळ पडणारी वस्तू इतक्या लवकर खाली येते की त्या काळच्या साधनांनी तिचा वेळ नीट मोजता येत नसे. म्हणून त्याने पडणे मंद केले. सुमारे १२ हात लांबीच्या लाकडी तुळईत गुळगुळीत खाच कोरली, तिला चर्मपत्राचे अस्तर लावले, एक टोक किंचित उचलले आणि कांस्याची गोळी घरंगळू दिली. वेळ मोजायला घड्याळ नव्हते. मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी वाहू देऊन, साठलेले पाणी तराजूत तोलले. एकेक मोजणी त्याने अनेकवार केली; एकूण शंभर वेळा करून पाहिल्याचे तो सांगतो. प्रत्येक वेळी अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणातच आढळले. हे सारे १६३८ साली हॉलंडमधील लेडन येथे ग्रंथरूपाने छापले गेले, तेव्हा धर्मपीठाच्या शिक्षेमुळे तो नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टीही गेली होती.

वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे गॅलिलिओ स्वतः प्रारंभी मानत असे. पुढे त्याने ते मत टाकले आणि वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, या निष्कर्षाला आला. आज आपण पहिले समीकरण एका ओळीत लिहितो, त्या ओळीमागे ही वाटचाल आहे. मुलांच्या हाती मात्र आपण केवळ ओळ देतो.

समीकरण समजणे म्हणजे काय, ते सांगतो. वरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्या सेकंदात १४.७ मीटर आणि तिसऱ्या सेकंदात २४.५ मीटर पडतो. हे प्रमाण १, ३, ५ असे विषम संख्यांचे आहे. विहिरीत खडा टाकल्यावर दोन सेकंदांनी आवाज आला, तर पाणी सुमारे १९ मीटर खोल आहे, हे दोरी न सोडता सांगता येते. तिसरे समीकरण तर रस्त्यावर प्राण वाचवणारे आहे. ब्रेकमुळे वाहनाचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची दुचाकी सुमारे ७ मीटरांत थांबते. ताशी ६० किलोमीटर वेगाची दुचाकी थांबायला सुमारे २८ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. हे सूत्र पाठ असलेले तरुण भरधाव गाडी चालवताना दिसतात, तेव्हा ते त्यांना कळलेले नाही एवढेच सिद्ध होते.

सूत्राची मर्यादा कळणे हेही सूत्र कळण्याचाच भाग आहे. एक किलोमीटर उंचीवरून पडणाऱ्या पावसाच्या थेंबाचा वेग या समीकरणाने काढला, तर तो ताशी ५०० किलोमीटर येतो. तसे असते तर पावसात कोणी उभे राहू शकले नसते. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला सुमारे ९ मीटर एवढ्याच वेगाने येतो, कारण हवेचा विरोध समीकरणाने गृहीत धरलेलाच नाही. हवा नसेल तेथे काय होते, हे १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर दाखवले. त्यांच्या हातांतून सुटलेले हातोडा आणि पीस एकाच वेळी जमिनीला टेकले.

यावर शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम मोठा आहे, वर्गात मुले पुष्कळ आहेत, परीक्षेत पाठांतरालाच गुण आहेत. अडचणी खऱ्या आहेत. परंतु निवासी शाळेजवळ इतर शाळांकडे नसलेली एक संपत्ती आहे, ती म्हणजे संध्याकाळ आणि सुटीचा दिवस. वायरिंगसाठी वापरतात तशी दोन मीटरची प्लास्टिकची पट्टी, काचेची गोटी, टोकाखाली ठेवायला दोन वह्या आणि एक घड्याळ एवढे पुरते. आरंभापासून ५० सेंटीमीटरवर व २ मीटरवर खूण करावी. चौपट अंतराला वेळ दुप्पट लागतो, हे मुलांनी स्वतः मोजावे. दहा वेळा मोजून सरासरी काढावी; आकडे किंचित चुकतील, मग ते का चुकले याची चर्चा करावी. एवढे एकदा झाले की सूत्र पाठ करण्याचे कष्टही उरत नाहीत.

आपल्या शाळेतील कित्येक मुले घराण्यातील पहिलीच शिकणारी आहेत. ज्या घरात पुस्तक प्रथमच येते, तेथे छापलेल्या शब्दाचा दरारा मोठा असतो. त्या पुस्तकाचा आदर त्यांनी अवश्य करावा. पण छापलेली गोष्ट आपल्या हाताने तपासता येते आणि ती आपल्यासमोरही तशीच खरी ठरते, हा अनुभव ज्या मुलाला मिळाला, ते मूल पुढे कोणाच्या पदवीने, पैशाने वा आवाजाने दबून जात नाही. हा आत्मविश्वास गुणपत्रिकेत दिसत नाही. जन्मभर उपयोगी मात्र पडतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. शाळेला देणगी अवश्य द्यावी, परंतु वर्षातून एक रविवारही द्यावा. आपल्यात अभियंते आहेत, वाहनचालक आहेत, गवंडी आणि सुतार आहेत. गती आणि उतार यांच्याशी ज्यांचा रोज संबंध येतो, असे सर्वजण आहेत. त्यांनी वसतिगृहाच्या ओट्यावर मुलांसोबत बसून एकच प्रयोग करावा. पालकांनीही सुटीत घरी आलेल्या मुलाला ‘किती गुण मिळाले?’ याबरोबरच ‘यंदा काय मोजून पाहिलेस?’ असे विचारावे.