लेटरहेडवरचं ट्रेनिंग

गुरुवारी रात्री सेलूहून मावशीचा फोन आला. मी ऑफिसच्या कॅबमध्ये, वाकडच्या सिग्नलला नेहमीसारखा अडकलेलो. इकडचं तिकडचं झालं, कापसाचा भाव झाला, मग मावशी मुद्द्यावर आली. "बापू, तुझ्या कंपनीचं एक पत्र पाहिजे होतं रे. लेकराला ट्रेनिंग दाखवायचंय."

लेकरू म्हणजे माझा मावसभाऊ. पेंटिंग आणि प्रिंटमेकिंग (मराठीत मुद्राचित्रण) घेऊन पदवी करतोय, शेवटचं वर्ष. कॉलेजचं नाव सांगत नाही. अभ्यासक्रमात चार क्रेडिटचं 'ऑन जॉब ट्रेनिंग' आहे आणि त्याचं पत्र महिनाअखेर जमा करायचंय. मी म्हटलं, "मावशी, आम्ही बँकांचं सॉफ्टवेअर लिहितो. तिथे हा काय रंगवणार?" मावशी म्हणाली, "ते कोण बघतंय? लेटरहेड असलं की झालं. त्याच्या वर्गातल्या एकानं तर औषधाच्या दुकानाचं आणलंय."

खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मला वाटलं देऊन टाकावं. एचआरमधल्या मित्राला एक चहा पाजला की काम झालं असतं. पण नाही दिलं. मावशी सध्या माझ्याशी बोलत नाही. त्यामुळे या शनिवारी मोकळा वेळ भरपूर आहे आणि डोकंही तापलेलं आहे. तेव्हा मंडळी, आज जरा भांडणाचा लेख.

आधी हिशेब करू, आपल्याला तेवढंच नीट येतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून आपल्याकडच्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत हे ऑन जॉब ट्रेनिंग शिरलं. एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस! आमच्याकडे नवीन पोराला पंधरा दिवसांत व्हीपीएनचा पासवर्ड मिळाला तर तो नशीबवान. आणि एवढ्याशा ट्रेनिंगसाठीसुद्धा कॉलेजने जागा शोधून द्यायची नाही, पैसे मिळतील का हे विचारायचं नाही, तिथे काय शिकलास हे बघायचं नाही. फक्त पत्र घ्यायचं आणि फाइलला लावायचं. टेस्टिंग न करता 'टेस्टेड' असं लिहून रिलीज करण्याचा हा प्रकार आहे.

इथे एक गट हमखास उभा राहतो. तो म्हणतो, बरंच आहे की! कलावंताला कसलं आलंय ट्रेनिंग? त्याला नोकरीच्या दावणीला बांधू नका, त्याची प्रतिभा मोकळी राहू दे. ऐकायला फार छान वाटतं. पण इतिहास काय सांगतो? धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि मग राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम केलं. शिळाछापाचं तंत्र हाताखालून गेलेला हा माणूस १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. यातल्या कुणाची प्रतिभा कामाच्या ठिकाणी मेली?

आणि प्रिंटमेकिंगचं तर मूळच कारखान्यात आहे. मावसभावाने मला एकदा समजावून सांगितलं होतं. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा आम्लात सोडायचा. रेघ किती खोल जाणार ते आम्लात किती वेळ ठेवलं यावर. नंतर शाई भरायची, कापडाने पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसमधून काढायचा. जास्त पुसलं की चित्र फिकं, कमी पुसलं की काळा डाग. एका आवृत्तीच्या पंधरा प्रती सारख्या निघाल्या पाहिजेत, प्रत्येकीखाली ३/१५, ४/१५ असा क्रमांक घालून सही करायची. हे पुस्तकातून कसं येणार? ज्याने हजार पत्रे पुसलेत त्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय हात बसत नाही. मी पायथन यूट्यूबवर शिकलो, मान्य. पण प्रॉडक्शनला रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर काय करायचं ते मला एका सीनियरच्या खुर्चीमागे उभं राहून समजलं.

बरं, ही 'मोकळी प्रतिभा' परवडते कुणाला? ज्याच्या बाबांचा दादरला फ्लॅट आहे त्याला. परभणी जिल्ह्यातल्या पोराला सरकारी कला महाविद्यालय गाठायचं तर सगळ्यात जवळचं छत्रपती संभाजीनगरला, रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटर. नाहीतर नागपूर, नाहीतर मुंबईचं जे. जे., जे २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आपल्यातल्या निम्म्या लोकांनी दिली असेल. माझ्या वर्गात चित्रकलेला माझ्याहून चांगली चार पोरं होती. चौघंही आज दुसरंच काहीतरी करतात. घरी विचारलं जायचं, "पुढं काय?" आणि त्याला उत्तर नव्हतं. मावशीने उत्तर नसतानाही पोराला पाठवलं, दोन एकराच्या जिवावर. त्या बाईला औषधाच्या दुकानाचं लेटरहेड दाखवणार का आपण?

याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त राग येतो, कारण नमुना तर घरात आहे. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. तिथली बी.एस्सी. कृषीची मुलं शेवटच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभवासाठी गावोगाव जातात. कृषिदूत आणि कृषिकन्या. जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, त्याने त्यांना बांधावर बघितलेलं असतं. ती शेतकऱ्याबरोबर राबतात, माती परीक्षण करतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात. शिक्षक येऊन बघून जातात. कुणी म्हणतं का की यामुळे शेतीशास्त्राचं पावित्र्य बिघडलं? आणि तिथेही सगळं आलबेल असेल असं मी म्हणत नाही. पण निदान एक सत्र त्यासाठी राखून ठेवलंय, गाव ठरवून दिलंय, माणूस नेमून दिलाय. मग चित्रकलेच्या पोराने स्वतःचा मालक स्वतः शोधायचा, हे कुठलं शहाणपण?

"पण परभणीत चित्रकाराला काम कुठंय?" असं विचाराल. खरंय, दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्सने संपवले, आणि फ्लेक्सच्या दुकानात नेत्यांचे फोटो कापत बसणं याला मी ट्रेनिंग म्हणणार नाही. पण जरा डोळे उघडून बघा. जिंतूर तालुक्यात चारठाण्याची यादवकालीन मंदिरं आहेत, जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत. एकेका खांबाचं मोजून रेखाटन करायला एक सत्र पुरणार नाही. कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांसाठी पुस्तिका छापतं, त्यात किडींची आणि रोगांची चित्रं लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळांना 'बोलक्या भिंती' हव्या असतात. लग्नपत्रिकांचे स्क्रीन प्रिंटिंगवाले आणि ऑफसेट प्रेसवाले आहेत, तिथे रंग वेगळे कसे करायचे आणि एकावर एक नेमके कसे बसवायचे हे रोज चालतं. ज्याला एचिंग आणि लिथोच हवं त्याला बाहेर पाठवा, पण पाठवा म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय करून पाठवा.

माझ्या मागण्या तीनच. एक, ट्रेनिंग किमान एका सत्राचं हवं, आणि जागांची यादी कॉलेजने ठेवायची, मावशीने नाही. दोन, विद्यावेतन हवं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे, आयटीआयचा फिटर त्याखाली विद्यावेतन घेतो. आमच्या कंपनीत इंटर्नला पैसे मिळतात आणि वर दुपारचं जेवण फुकट. प्रिंटमेकरच्या पोटाला काय वेगळी भूक लागते? फुकट राबायची अट घातली की घरून पैसे येणारेच चांगल्या स्टुडिओत जाणार, बाकीचे लेटरहेड शोधणार. मग पुन्हा आपणच म्हणणार, खेड्यातल्या मुलांत दम नाही. तीन, पत्रावर मार्क द्यायचे नाहीत. तिथे केलेलं काम टेबलावर ठेवायचं आणि ज्याच्या हाताखाली शिकला त्याने समोर बसून सांगायचं की याला काय येतं.

यातलं काहीच करायचं नसेल तर ते चार क्रेडिट सरळ काढून टाका. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला सरकारी शिक्क्यासकट खोटं बोलायला शिकवण्यापेक्षा ते बरं.

काल रात्री मावसभावाचा स्वतःचाच फोन आला. आईसारखा तो चिडला नव्हता. म्हणाला, "दादा, परभणीत एक ऑफसेटवाले काका आहेत, ये म्हणालेत. जुनं हँडप्रेस पण पडलंय त्यांच्याकडं, चालू करून बघ म्हणाले. पण पैसे नाही देणार. आणि सेलूहून रोज जाणं-येणं..."

मी म्हटलं, जा. भाडं आणि डब्याचं मी बघतो.

फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्याच्या वर्गातल्या त्या औषधाच्या दुकानवाल्या पोराला पुण्यात नोकरी करणारा दादा नाहीये. त्याचं पत्र एव्हाना जमासुद्धा झालं असेल.