रोज एक स्वतःचं वाक्य

एका वर्षी सातवीच्या वर्गाला ‘पावसाळा’ हा निबंध दिला. जवळपास सगळ्या वह्यांत धरतीने हिरवा शालू नेसला होता. प्रत्यक्षात पावसाने ओढ दिली होती आणि कित्येक घरांत दुबार पेरणीची चिंता होती. ते कुणीच लिहिलं नाही. चूक मुलांची नव्हती. शालूचं वाक्य मीच फळ्यावर लिहून दिलं होतं.

आपल्या समाजात पाठांतराची कदर आहे, ती असावीच. पण कुरआन माणसाला पुन्हा पुन्हा सृष्टीकडे पाहून विचार करायला सांगतो. ही तफक्कुरची सवय आपण मुलांना लावतो का?

नवं सुचणं ही सवड असलेल्यांची चैन आहे, असं आपल्याला वाटतं. आपला परभणी जिल्हा वेगळं सांगतो. गंगाखेडच्या संत जनाबाई नामदेवांच्या घरी राबत होत्या. दळण-कांडण त्यांच्या अभंगांतच आलं. सातोन्याचे बी. रघुनाथ निजामाच्या राज्यात कारकुनी करत लिहीत राहिले. १९५३ मध्ये, चाळिशीतच ते गेले, पण कविता, कथा, कादंबऱ्या मागे ठेवून. हाताला काम असतानाही दोघांची नजर जागी होती.

म्हणून आता वर्गात एकच नियम आहे. रोज स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर एक वाक्य, आज मराठीत, उद्या तेच उर्दूत. सुरुवातीला ‘सूर्य उगवला’ एवढंच यायचं. दोन महिन्यांनी एका मुलीने लिहिलं, ‘कापूस वेचून अम्मीची बोटं सोलतात, म्हणून ती माझी वेणी सैल घालते.’ दुसऱ्या दिवशी उर्दूत लिहिताना ‘बोंड’ या शब्दाशी ती अडली. घरी विचारून आली. अम्मी उर्दू बोलतानाही बोंडच म्हणते! त्यावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली. गाईडमधून अशी चर्चा निघाली नसती.

घरी दोन भाषा असणं हे ओझं आहे, असं पालक मला सांगतात. मला ती दोन खिडक्यांची खोली वाटते. फक्त खिडक्या रोज उघडाव्या लागतात.

तेव्हा आज रात्री मुलांना ‘अभ्यास झाला का?’ याबरोबर ‘आज काय पाहिलंस?’ हेही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवा.